नसीमची न शिवलेली पानं

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचांदूरच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. फोन तिच्या थोरल्या भावाचा, युसूफभाईंचा. कावीळ अंगावर काढली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, एवढंच ते बोलले. मला आधी काय आठवलं असेल, तर तिची सातवी वही... तीन वर्षं माझ्या कपाटात पडलेली, न वाचलेली. आधी लाज वाटली, रडू नंतर आलं.

आम्ही दोघी चंद्रपुरात एका वर्गात शिकलो. तिच्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिथे शिवायला यायची आणि नसीम ती आधी वाचून काढायची. त्यात विलायती गुप्तहेरांच्या कथा भरपूर, आणि नेमकी त्यांचीच शेवटची पानं गायब. खून कुणी केला ते कळायचंच नाही. मग ही बया स्वतःच शेवट लिहायची. एकदा तर असा एक शेवट तिनं पुस्तकात शिवून वाचनालयात परत पाठवला होता. कुणीच तक्रार केली नाही, याचा तिला फार अभिमान होता.

पुढे आमची लग्नं झाली. तिचं टिकलं नाही, ती परत दुकानात आली आणि वडिलांनंतर भावासोबत काम करू लागली. त्याच सुमारास जादूगार मुलांच्या निवासी शाळेची जाडजूड पुस्तकं दुकानात येऊ लागली, मुलांनी वाचून वाचून खिळखिळी केलेली. नसीमनं तीही वाचली आणि आपला जुना गुप्तहेर, धुक्यातून घोडागाडीनं फिरणारा, सरळ त्या शाळेत धाडून दिला. तिथे सगळ्यांच्या हातात जादूची छडी, याच्या हातात फक्त भिंग. एवढी जादू येते तर चोर एका मंत्रात का सापडत नाही, असं मी मास्तरणीच्या सुरात विचारलं होतं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "जादूनं दार उघडते, सुनंदा. माणूस खोटं काऊन बोलला, ते नाई समजत."

या गोष्टी ती वह्यांत लिहून मला वाचायला द्यायची, पण तिचा एक नियम होता. गोष्टीची शेवटची पानं ती वहीत शिवायचीच नाही. आपण वही वाचायची, मागच्या कोऱ्या पानावर गुन्हेगाराचं नाव लिहायचं आणि वही परत न्यायची. ती नाव वाचून गालात हसायची, खाली लाल शाईनं 'चूक' लिहायची आणि मग समोर बसून उरलेली पानं शिवून द्यायची. सहा वह्यांत मी सहा वेळा चुकले. इतकी वर्षं मुलांना मार्क देणारी मी, तिच्यापुढे कायम नापास.

सहाव्या वहीनंतर माझ्यातली शहाणी जागी झाली. मी तिला म्हटलं, ही माणसं तुझी नाहीत, जग तुझं नाही, हे उसनं लिहिणं किती दिवस? आपल्याकडचं लिही, जंगलातलं लिही. भलं करायच्या आवेशात मी बोलत गेले. ती डिंकाचं भांडं ढवळत राहिली. मग म्हणाली, "मले हेच येते, माय." आणि काही महिन्यांनी तरीही सातवी वही पाठवली. मी ती उघडलीसुद्धा नाही. फोनवर विचारायची, वाचली का म्हणून. मी म्हणायचे, वाचून राह्यली... मग तिनं विचारणं सोडलं.

ती गेल्यावर आठवड्यानं मी वही वाचली. त्यात जादूच्या शाळेतली एक मुलगी गोष्टी लिहिते आणि रोज सकाळी तिच्या वहीतली काही अक्षरं नाहीशी झालेली असतात. संशयितांमध्ये एक बाई आहे. झग्याला खडूचे हात पुसणारी, दर वाक्यानंतर "बरं, पुढे?" म्हणणारी. ती मीच, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. मागच्या पानावर मी त्या बाईच्या जागी सरळ माझंच नाव लिहिलं आणि चंद्रपूरला गेले.

दुकानात युसूफभाईंनी पुस्तकं दाबायच्या शिकंज्याची मूठ फिरवली. दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली पानं बाहेर काढली. "नाव लिहिल्याबिगर द्याची नाई, असं सांगून गेली होती, ताई," ते म्हणाले. मी वही उघडून दाखवली. त्यांनी ते नाव पाहिलं आणि पानं माझ्या हाती दिली.

मी तिच्या बाकावर बसूनच वाचलं. गुप्तहेर त्या बाईला त्यातल्या पहिल्याच पानावर मोकळं सोडतो. अक्षरं ती मुलगीच पुसत असते. रोज पहाटे, स्वतःच्याच छडीनं... कारण ही आपली नव्हेतच, असं तिला कुणीतरी पटवून दिलेलं असतं.

युसूफभाईंनी पानं शिवून दिली. टाके तिच्यासारखे बारीक नाहीत, पण पक्के आहेत. वही आता माझ्या टेबलावर असते. मागचं पान मी अधूनमधून उघडते. सातव्यांदाही मी चुकलेच होते. नावाखालची जागा कोरी आहे.