तळ्यातली घाण

रामटेकजवळच्या तळ्यात मासे धरणाऱ्या प्रेमिलाबाईंचा शिंपल्यांवर भारी राग. जाळं ओढताना चिखलातले शिंपले पाय कापायचे, म्हणून त्या त्यांना 'घाण'च म्हणत. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा त्यांनी गावच्या बायांना कामाला लावलं, टोपल्या भरभरून शिंपले उपसले आणि घरापासून तळ्यापर्यंतच्या चिखलवाटेवर ओतले. "आता झालं तळं साफ!" असं नागपूरच्या बाजारात मासे विकतानाही त्या मिरवून सांगायच्या.

दिवाळीनंतर पाणी रंग कालवल्यासारखं हिरवंगार झालं. मासे वर येऊन तोंड वासायला लागले. प्रेमिलाबाईंनी शेजारच्या शेतातल्या खताला शिव्या घातल्या.

एका सकाळी त्यांची सून प्रीती हिनं बदकांना घालायला काठाचा चिखल चाचपून उरलेसुरले शिंपले आणले आणि बादलीत टाकले. शेजारी भांड्यांची बादली. दोन्हींत तळ्याचंच पाणी. जेवून प्रेमिलाबाई अंगणात आल्या अन् जागीच थिजल्या. भांड्यांची बादली हिरवी ती हिरवीच, आणि शिंपल्यांच्या बादलीचा तळ दिसत होता!

"यातलं पाणी कोनं बदललं वं?"

"कोनीच नाही, आत्याबाई. हे शिंपलेच पाणी ओढून राहिले, त्यातले बारीक हिरवे जीव गिळून राहिले, अन् साफ पाणी सोडून राहिले. पाहा ना!"

प्रेमिलाबाईंनी वाकून बादलीत पाहिलं. त्या तशाच अनवाणी तळ्याकडे धावल्या. वाटभर पायाखाली त्यांची 'घाण' कराकरा फुटत होती.