सहा काप आणि एक थांबा

चर्रकाका बूट घालून खोलीत कधी गेले नाहीत. जाड मोजे घालायचे, तेही दोन जोड.

नवा शर्ट आणला की अंगात घालण्याआधी दहादा धुवायचे. नवं कापड सळसळतं.

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. हातांकडे बघायचे.

बाजारात कांदा कानाशी धरून दाबायचे. कांदेवाला विचारायचा, "काका, लागला का फोन?" काका म्हणायचे, "लागला, पण आतून कुणी उचलत नाही."

हॉटेलात गेले की स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल धरायचे. तिथे बसायला कुणी राजी नसतं.

"एखादी सुटी घ्या की," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "घेऊ की." एकवीस वर्षं म्हणत होते.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं होतं. स्टुडिओत सगळे त्यांना चर्रकाका म्हणत. पडद्यावर तापल्या तेलात काही पडलं की जो चर्र आवाज येतो, तो काकांचा होता. तापलेल्या तव्यावर ओलं फडकं टेकवून ते तो काढत. रस्सा रटरटतो तो आवाज बादलीतल्या घट्ट खळीत नळी फुंकून. कणीक मळण्याचा आवाज ओल्या चामडी बटव्यातून.

साहेब मोठमोठ्या शेफवर माहितीपट काढत. त्यांचा कॅमेरा शेफच्या हातांवरून लोण्यासारखा फिरे. पण कुठल्याही मोठ्या स्वयंपाकघरात धूर ओढणारे पंखे घोंघावत असतात, फ्रीज गुरगुरत असतात, कुणी ना कुणी कुणावर तरी ओरडत असतं. तिथला आवाज वापरता येत नाही. तो सगळा पुसायचा आणि काकांच्या खोलीत नव्याने करायचा, असा रिवाज होता.

खोली दहा बाय आठ. चारी भिंतींना आणि छताला स्पंज. खिडकी नाही. दार वीतभर जाड, आत गेलं की कानांना दडे बसत. पंखा होता, पण माइक चालू केला की तो बंद करावा लागे. भिंतीला लागून टेबल, टेबलावर तीन लाकडी फळ्या, नऊ सुऱ्या, एक शेगडी. टेबलाच्या वर पडदा. आत पहिल्यांदा येणारा माणूस पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई. काका रोज आठ तास आत असत.

"तुम्हाला कोंडल्यासारखं होत नाही?" एकीने विचारलं होतं.

"होतं की. पण कोंडलेला आवाज स्वच्छ येतो," काका म्हणाले.

सगळ्यांत अवघड काम सुरीचं. पडद्यावर हात दिसत असेल तर कापाला काप जुळवावा लागतो. पण बऱ्याचदा कॅमेरा शेफच्या चेहऱ्यावर असतो. हात चौकटीबाहेर, नुसता आवाज ऐकू येतो. तिथे काकांना मोकळीक होती. तिथे ते डोळे अर्धे मिटून कापत सुटत. असे त्रेचाळीस शेफ झाले.

काकांना स्वतःचा एक माहितीपट करायचा होता. ताईवर.

ताई बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा काका दहा वर्षांचे होते. ताई सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात लागली. दोन वेळचं मिळून रोज सहाशे माणसांचं जेवण. अडतीस वर्षं. दोघांनीही लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर ताई म्हणे, "सहाशे जणांना खाऊ घालून घरी यायचं, आणि वर सासरच्यांना काय आवडतं ते विचारायचं? मला नाही बाई जमणार."

साहेबांनी पहिल्या वर्षीच शब्द दिला होता. "काका, हा एवढा हातावेगळा होऊ दे. पुढचा तुमच्या ताईंचा." पुढचा दुसऱ्याच कुणाचा निघे. काका चिडत नसत. ते निघून गेले असते तरी कुणी अडवलं नसतं. पण साहेबांकडे एक वाक्य होतं. "तुमच्याशिवाय आहे कोण, काका?" त्या वाक्याने त्यांना एकवीस वर्षं बांधून घातलं. कौतुकाची दोरी टोचत नाही, म्हणून सोडवावीशीही वाटत नाही.

शेवटी ताईच्या निवृत्तीची तारीख आली. ऑक्टोबरातला एक शनिवार. त्या दिवसापुरती चित्रीकरणाची परवानगी काकांनी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून काढली. सकाळी सहा ते दुपारी दोन. स्टुडिओतला जुना कॅमेरा मागून ठेवला. ताई तिथे उभी राहून रांधणार ती शेवटची. त्यानंतर काय टिपणार?

बुधवारी चव्वेचाळीसावे शेफ आपला माहितीपट बघायला आले. पंचाहत्तरीचे. बोलणं मोजकं. उजव्या मनगटाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, हात गळ्यात बांधलेला. माहितीपट संपला. साहेब कौतुकाच्या अपेक्षेने पुढे झुकले.

"चेहरा माझा आहे," म्हातारबुवा म्हणाले. "सुरी कुणाची आहे?"

साहेब हसले. "तुमचीच की."

"थट्टा करताय होय म्हाताऱ्याची? हा माणूस सहा काप करतो आणि थांबतो. परत सहा, परत थांबतो. मी उभ्या जन्मात मधे सुरी थांबवलेली नाही. सुरी थांबली की कांद्याला पाणी सुटतं. माझ्या गुरूने याच चुकीसाठी माझी बोटं फोडली होती. कोण आहे हा?"

काका मागच्या रांगेत बसले होते. उभे राहिले.

"तुम्ही शेफ आहात?"

"नाही."

"मग ही सवय कुठून आली? हा हात शेकडो माणसांचं कापणाऱ्याचा आहे. आणि सहा काप झाले की मान वर करून कुठेतरी बघतो. काय बघता?"

आपण असं काही करतो हे काकांना ठाऊकच नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी जुने माहितीपट काढले. पडदा बंद ठेवून नुसते ऐकले. सहा काप, थांबा. सहा काप, थांबा. कुठल्या देशाचा शेफ, कुठली भाजी, काही फरक नाही. त्रेचाळीस बल्लवाचार्यांच्या चेहऱ्यांखाली एकच हात चालत होता. लहानपणी शाळा सुटली की काका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ताईच्या टेबलाखाली अभ्यासाला बसत. डोक्यावर फळी वाजत असे, आणि ती थांबली की मान आपोआप वर जाई. पाढे त्याच ठेक्यावर पाठ झाले होते.

म्हातारबुवांनी साफ सांगितलं, आवाज बदला, नाहीतर माझं नाव काढा. रविवारी सकाळी माहितीपट महोत्सवाला पाठवायचा होता. चेहरा दिसतो आणि सुरी नुसती ऐकू येते अशा एकेचाळीस जागा होत्या. मशीनवर मधले थांबे कापून बघितले, तर टाइपरायटर चालल्यासारखं ऐकू आलं.

"सगळं नव्याने करावं लागेल," साहेब म्हणाले. "शनिवारपर्यंत."

"शनिवारी माझी ताई..."

"माहीत आहे हो. पण घोडं इथेच अडलंय. तुमच्याशिवाय आहे कोण, काका?"

काका मोजे चढवून आत गेले.

गुरुवारभर हात ऐकेना. सातवा काप आला की सुरी आपोआप वर. त्यांनी सुरी बदलली, फळी बदलली, बसून बघितलं, डावा हात वापरून बघितला. बोट कापून घेतलं. खोलीत कांद्याचा वास आणि उकाडा इतका साठला की माइकच्या दांडीवर ओल धरली. पंखा लावायची सोय नव्हती. संध्याकाळी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. आधी मान वर होते, मग हात थांबतो. मान वर झालीच नाही तर?

त्यांनी पडद्याखालच्या स्पंजला कपाळ टेकवलं आणि कापायला घेतलं. हात थांबला नाही.

शुक्रवार आणि शनिवारची सकाळ त्यांनी तशीच काढली. कपाळ भिंतीला लावून, मान खाली घालून. कपाळावर स्पंजची नक्षी उठली.

शनिवारी दहाला ताईचा फोन आला. "अरे, आहेस कुठे? अधीक्षक दोनदा डोकावून गेले. म्हणाले, तुमचा भाऊ येणार होता ना?"

"येतो गं. बारा राहिलेत."

"बारा काय?"

"कांदे."

ताई हसली. "माझे इथे चाळीस किलो राहिलेत. ये लवकर."

एकला चार राहिले होते. काका निघू शकले असते. दार आतूनच उघडायचं होतं, नुसती मूठ फिरवायची. त्यांनी मुठीवर हात ठेवला होता, असं ते नंतर म्हणाले. मग परत टेबलाशी आले. "चारच तर आहेत, असं वाटलं," म्हणाले.

ते रुग्णालयात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. ओळखीच्या पहारेकऱ्याने आत सोडलं. स्वयंपाकघर धुऊन झालं होतं. पातेली पालथी. ताई दारात उलट्या क्रेटवर बसली होती, मांडीवर कुणीतरी दिलेली फुलं.

"आलास? आता काय काढतोस, भांडी?"

"तू आत उभी राहा ना, ताई. नुसती उभी राहा."

दाराशी जमिनीवर पिवळा पट्टा होता. एप्रन आणि टोपीशिवाय तो कुणी ओलांडायचा नाही, हा नियम ताईनेच घालून दिला होता. एकदा तिने खुद्द अधीक्षकांना त्यावरून माघारी पाठवलं होतं.

"एप्रन तीन वाजता सही करून परत दिला," ताई म्हणाली. "आता मला आत जाता येत नाही."

"आज कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

काकांनी पट्ट्याच्या अलीकडे कॅमेरा लावला. रिकामं स्वयंपाकघर टिपलं. अकरा मिनिटं. ओली फरशी, टेबल, टेबलाखालची जागा. ताई बाजूला बसून होती. मधेच म्हणाली, "झालं का रे? पाय आखडले."

म्हातारबुवांनी माहितीपट पुन्हा बघितला आणि म्हणाले, "हं. आता माझा आहे." साहेबांनी काकांची पाठ थोपटली आणि पंचेचाळीसाव्या शेफची फाइल पुढे केली.

पुढच्या रविवारी काकांनी घरी कॅमेरा लावला. ताईने एक कांदा घेतला आणि चिरला. हळू, वाकडा. दोघांपुरतं किती लागतं याचा तिला अंदाज येईना. सहा काप झाले, सातवा झाला, आठवा. ती कुठेच थांबली नाही.

"ताई, तिथे तू मधे थांबायचीस. सहा झाले की."

"मी? छे!" ती विचारात पडली. मग म्हणाली, "अरे हो. तू टेबलाखाली पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचास. पाय बाहेर आलेत का ते बघायचे. जेवणाच्या गाड्या तिथूनच जायच्या ना. एकदा तुझा अंगठा चाकाखाली सापडला होता, आठवत नाही? मग बघायची सवयच लागली. तू कॉलेजात गेलास तरी बघायचे. वेडीच मी."

काकांनी कॅमेरा बंद केला.

त्यांनी सुटी घेतली नाही. साहेबांना काही बोललेही नाहीत. फक्त जेवणाच्या वेळेत डबा न उघडता खोलीत राहू लागले. त्या अकरा मिनिटांच्या चित्रात एकही माणूस नव्हता, एकही पातेलं सुलटं नव्हतं. काका त्यात आवाज भरत होते. अडतीस वर्षांचं स्वयंपाकघर, रोज थोडं थोडं, आठवेल तसं. एका दिवसात कधी दहा सेकंद व्हायचे, कधी एकही नाही.

मार्चमध्ये एका मंगळवारी, त्याच वेळेत, त्याच खोलीत खुर्चीवर त्यांचं हृदय बंद पडलं. वय एकोणपन्नास. डबा भरलेला होता.

चौथ्या मिनिटापर्यंत आवाज भरून झालेत. त्यानंतर चित्र चालू राहतं आणि काहीच ऐकू येत नाही. पडद्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. नळ, धार मोठी. बटाटे बादलीत. मोठ्या पातेल्याचं झाकण, दोघी मिळून उचलतात. तिथपर्यंत प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे.

पुढची ओळ अशी: "पाचवं मिनिट. मागच्या खिडकीबाहेर रोज कुणीतरी शीळ घालत जायचं. कोण? कुठलं गाणं? ताईला विचारणे."

त्या ओळीपुढे खूण नाही.