साडूंचा गज आणि माझी तीन इंच आखूड बंदूक

माझे साडू विलासराव अतिशय सज्जन गृहस्थ आहेत आणि माझं त्यांच्याशी गेली बावीस वर्षं अजिबात पटत नाही.

पटत नाही हे त्यांना अजून माहीत नाही. भेटले की ते मला कडकडून मिठी मारतात. ते सहा फूट, मी पाच फूट दोन इंच. त्यामुळं मिठीत माझं नाक बरोबर त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर येतं आणि तिथूनच मी त्यांचा हेवा करायला सुरुवात करतो. मुरगूडला त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे, डोक्यावर सगळे केस आहेत, आणि सासुरवाडीत त्यांना दोनदा वाढतात. मी कसबा बावड्यातला गणिताचा मास्तर. मला एकदाच वाढतात आणि वर विचारतात, "बास न्हवं?"

आमचे सासरे, म्हणजे आप्पा, राधानगरीकडं भातशेती करतात. मुलगा नाही, दोन मुली. रानडुकरांसाठी त्यांच्याकडं शेतराखणीच्या दोन बंदुका होत्या, ठासणीच्या. म्हणजे तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे, वर चिंधी, आणि लांब गजानं सगळं ठासायचं. नळी पुसायलाही तोच गज. वय झालं तशा आप्पांनी रीतसर लायसन बदलून थोरली बंदूक थोरल्या जावयाला आणि धाकटी मला दिली. मी तिनं आजवर चिमणीही उडवलेली नाही. (निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. माझ्या घरापेक्षा तिचा मुक्काम तिथंच जास्त!)

पण खंडेनवमीला मात्र दोन्ही बंदुका आप्पांच्या अंगणात पूजेला हजर पाहिजेत. पूजेआधी एक रिवाज असतो. बंदूक उभी धरायची आणि रिकाम्या नळीत वरून गज सोडायचा. नळी आतून स्वच्छ असली तर गज तळाला जाऊन "टण्ण" वाजतो. आप्पा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतात आणि निकाल देतात.

साडूंचा गज पोलादी. दरवर्षी वाजायचा "टण्ण!" आप्पा म्हणायचे, "व्वा! देवळातली घंटाच की!" माझा गज लाकडी. तो वाजायचा "ठक." आप्पा डोळे उघडून म्हणायचे, "हं. चला, हळद-कुंकू आणा." गेल्या वर्षी तर त्यांनी साडूंच्या गळ्यात जरीकाठाचं रेशमी उपरणं घातलं. मला टॉवेल दिला. बरा होता टॉवेल, पाणी चांगलं टिपायचा. ते उपरणं पुढं त्याच दिवाळीत साडू आमच्याकडं जेवायला आले असताना हरवलं. त्याबद्दल मला आत्ता फारसं बोलायचं नाही.

यंदा श्रावणात आप्पांचा फोन आला. "मास्तर, माजं गुडघं आता ऱ्हायलं न्हाईत. ह्या नवमीला आमचं दारूचं शिंग जावयाला देणार. ज्याची बंदूक खणखणीत वाजंल, त्याला."

ते शिंग म्हणजे गव्याच्या शिंगासारखं वळणदार, चांदीच्या टोपणाचं, बंदुकीची दारू ठेवायचं. आप्पांच्या आज्याचं. ते साडूंच्या दुकानात, पेंडीच्या पोत्यांवर टांगलेलं मला डोळ्यांसमोर दिसलं आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. (दुपारी जेवलो नाही. चार वाजता थोडे पोहे खाल्ले.)

बंदूक काढली तर गजच गायब! परसात शोधल्यावर सापडला. आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदानं, तो दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला होता आणि खालून वाळवीनं त्याचा फडशा पाडला होता.

"अगं, बंदुकीचा गज हाय हा!"

"व्हय? सात-आठ म्हैनं उभा हाय तितं. तुमी तर दर ऐतवारी बंदूक पुसतोय म्हणून आप्पांना सांगालाय. कशानं पुसत हुता?"

मी विषय बदलला. झालं ते एका परीनं बरंच झालं, कारण आता मला साडूंच्यापेक्षा भारी गज घेता येणार होता!

उद्यमनगरात दस्तगीरचाचांचं लेथचं वर्कशॉप आहे. जुन्या बंदुकांचे गज तेच करून देतात. चाचांनी माझ्यापुढं चार गज मांडले.

"ह्यो लाकडी. हलका. पर मोडला की ढलपा सरळ तळहातात जातोय. ह्यो लोखंडी, स्वस्त हाय, पर नळीच्या तोंडाला घासतोय. ह्यो फायबरचा. वाकतोय, मोडत न्हाय. आन् ह्यो पितळी. पितळ मऊ, नळीला ओरखडा न्हाय. जड हाय तेवढा."

"वाजतोय कुठला चांगला?"

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सर, गज ठासायला असतोय. वाजवायला हलगी घ्या की!"

पण मी ऐकतोय कशाला! एकेक गज फरशीवर आपटून बघितला. लाकडी ठक, फायबर थप, लोखंडी खण. पितळी आपटला आणि "टण्ण्ण्ण!" शेजारच्या गॅरेजातले दोघं बघायला आले. ठरलं.

"आता नळीची खोली मापून आणा," चाचा म्हणाले. "आन् खालच्या टोकाला ह्यो मळसूत्री पेच घ्या. आत चिंधी अडकली तर ह्येनं वडून काढाय येती."

"पेच नको. आमच्या नळीत काही अडकत नाही," मी ताठ मानेनं म्हणालो.

घरी येऊन शिवणकामाच्या टेपाला खिळा बांधला आणि नळीत सोडला. एकोणचाळीस इंच. दोनदा मोजलं, वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. मग मनात आलं, साडूंची किती असेल? सुनंदाला बहिणीला फोन लावायला लावला.

"शालनअक्का, बरी हायेस न्हवं? पाऊस काय म्हणतोय? अगं, तुमच्या बंदुकीची नळी आतनं किती खोल हाय, भावजींना इचार की... काय न्हाय, हेनी सहज इचारालेत... बेचाळीस? बरं."

बेचाळीस! माझी एकोणचाळीस! जोडीच्या बंदुका म्हणून सांगितलं होतं आणि आप्पांनी थोरल्या जावयाला तीन इंच लांब बंदूक दिली होती! इतकी वर्षं माझ्याकडं आखूड बंदूक होती आणि मला पत्ता नव्हता!

"तुझ्या बापानं भेद केला," मी सुनंदाला म्हणालो.

"अवो, दोनी एकाच कारागिराच्या हायत्या. बाहेरनं मापून बघा की."

"बाहेरनं मापून काय कळतंय? गणित मला शिकवू नकोस!"

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी चाचांना ऑर्डर दिली: पितळी गज, अठ्ठेचाळीस इंच! साडूंचा शेहेचाळीस आहे, हे मला ठाऊक होतं. बंदूक आखूड असली तरी गज तरी वरचढ पाहिजे. चाचा म्हणाले, "सर, वर नऊ इंच भायेर ऱ्हाईल. पताका लावणार हाय काय?" तरी त्यांनी करून दिला. मी तो चिंचेनं घासून लखलखीत केला आणि जुन्या धोतरात गुंडाळून देवघराशेजारी ठेवला. सुनंदा म्हणाली, एकदा नळीत सोडून तर बघा. मी म्हणालो, पहिला आवाज आप्पांच्या कानावरच पडला पाहिजे.

खंडेनवमी उजाडली. अंगण सारवलेलं, पाटावर विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडलेला, मधोमध चौरंगावर ते शिंग. साडूंनी मला मिठी मारली. दुसऱ्या बटणावरून मी शिंगाकडं बघून घेतलं.

"मास्तर, नवा गज? दावा की!"

मी धोतर सोडलं. पितळेवर ऊन पडलं. साडूंचं तोंड उघडंच राहिलं आणि त्या क्षणी मला जे सुख झालं ते लग्नातही झालं नव्हतं.

आधी साडूंनी गज सोडला. "टण्ण!" आप्पांनी मान डोलावली. मग मी बंदूक उभी धरली, जमलेल्या सगळ्यांकडं एकवार बघितलं, गज नळीच्या तोंडाशी नेला आणि सोडला.

"भद्द."

शेणाची पाटी पडल्यासारखा आवाज! आप्पांनी एकच डोळा उघडला.

"पुन्यांदा सोडा."

"भद्द."

"थांबा वाइच," साडू म्हणाले. त्यांनी आपला गज माझ्या नळीत सोडला. त्यावर कानशीनं खूण केलेली असते: नळी रिकामी असली की ती खूण बरोबर तोंडाशी येते. ती चांगली तीन इंच वर राहिली.

आप्पा ताडकन उठले. (गुडघे राहिले नव्हते, तरी!) "ठासल्याली हाय ही! बंदूक भरल्याली हाय! लांब व्हा समदी!"

पुढच्या पाच सेकंदांत अंगण रिकामं झालं. सासूबाई म्हशीच्या आड गेल्या. शालनअक्का आणि सुनंदा दाराआड एकाच फळीमागं उभ्या राहिल्या. उरलो मी, हातात बंदूक, बंदुकीत साडूंचा गज.

"तोंड आभाळाकडं ठेवा, हलवू नगा!" आप्पा ओरडले. "कवा ठासलीसा, मास्तर?"

"मी नाही ठासली!"

"मग दर ऐतवारी पुसतासा, आन् आत भरल्यालं कसं?"

आता काय सांगू? पुसतो म्हणावं तर भरलेली बंदूक पूजेला आणणारा येडा ठरणार, पुसत नाही म्हणावं तर शिंग जाणार. माणूस अडचणीत आला की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. माझाही आला.

"साडूंनी ठासली असंल! शिंगापायी!"

साडूंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे पुढं आले, माझ्या हातातून बंदूक घेतली, घोड्याखाली बार उडवणारी टोपी नाही हे तपासलं आणि नळीत तांब्याभर पाणी ओतलं. मग गज काढून खिशातला मळसूत्री पेच त्याच्या टोकाला बसवला, तोच पेच जो मी नको म्हणालो होतो. गज आत घालून चार वेळा पिळला आणि ओढला.

आधी काळं पाणी आलं. मग एक काळा, तेलकट बोळा. साडूंनी तो उलगडला. चार बोटं रुंदीची चिंधी होती, आणि तिच्या कडेला जर चमकत होती.

"ह्ये..." साडू म्हणाले, "ह्ये माजं उपरणं की!"

आता त्याबद्दल बोलावंच लागेल. त्या दिवाळीत उपरणं आमच्या खुंटीवर राहिलं होतं. मी ते ट्रंकेत लपवलं. नंतर एका रविवारी (आयुष्यातल्या त्या एकमेव रविवारी!) बंदूक पुसायला चिंधी सापडेना, तेव्हा मनात म्हटलं, साडूंचा गळा जरीचा, तर माझी नळीही जरीनंच पुसू. टर्रकन फाडलं. पुसताना चिंधी गजावरून सुटली असणार. मला वाटलं, बाहेर कुठंतरी पडली. ती तीन इंच दडपून आत बसली होती आणि मी त्या तीन इंचांसाठी सासऱ्यांवर भेदभावाचा आळ घेऊन बायकोशी अबोला धरला होता. हे सगळं मी तिथंच, सगळ्यांसमोर, खाली मान घालून सांगितलं. लाज वाटली हो, फार वाटली.

दाराआडून सुनंदा म्हणाली, "बाहेरनं मापा म्हणालो हुतो मी."

आप्पांनी नळीतलं उरलेलं पाणी अंगणात उपडं केलं. मग म्हणाले, "आता सोडा तुमचा गज."

मी सोडला. "टण्ण्ण्ण्ण!" गोठ्यातल्या म्हशीनं वळून बघितलं. साडूंच्या घंटेपेक्षा दुप्पट! साडू माझ्या गजाकडं बघत राहिले आणि मला शपथेवर दिसलं, त्यांच्या डोळ्यांत हेवा होता! बावीस वर्षांत पहिल्यांदा!

तो मला मिनिटभर पुरला. आप्पांनी चौरंगावरचं शिंग उचलून साडूंना दिलं. मग माझ्या नळीतून पितळी गज उपसला आणि तोही साडूंना दिला. "ह्यो तुमच्या उपरण्याची भरपाई." साडूंचा जुना पोलादी गज माझ्या हातात आला.

"आन् मास्तर, तुमास्नी उपरण्याची लई हौस, न्हवं का?" असं म्हणून आप्पांनी ती तेलकट, चार बोटांची चिंधी पिळली आणि समारंभानं माझ्या गळ्यात घातली. साडूंनीच टाळ्या वाजवल्या आणि मग, नेहमीसारखी, कडकडून मिठी मारली.

त्या दिवसाचा फोटो शालनअक्कांनी काढून फ्रेम करून पाठवलाय. मधे आप्पा, उजवीकडं साडू शिंगासह, डावीकडं मी जरीच्या उपरण्यासह, आणि आमच्या पुढ्यात दोन बंदुका उभ्या. मी त्या फोटोवर पट्टी ठेवून मोजलंय. दोन्ही बंदुका अगदी सारख्या उंचीच्या आहेत. आखूड आहे तो मी.