लीलाची राहुटी

लीला कठोर होती असं अजून कोण म्हणालं की माझं डोस्कं फिरतं. माझ्या धाकट्या भावाची, बाळासोची ती बायको. आनि मी धोंडुबाई, नवरा गेल्यापासनं भावाच्याच घरात. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय, तवा आधी ऐका आनि मग बोला.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्सं झाली असतील. बाळासो जकात नाक्यावर कारकून होता. दोन खोल्यांचं घर आनि तीन पोरं. थोरली वच्छी शाळंला जायची, तिच्या पाठचा दत्तू, आनि बारकं अजून रांगत होतं. लीला मुलखाची बोलकी. धुणं धुताना बी तिचं तोंड चालू. त्या पावसाळ्यात खोकला लागला तो काय सुटंना. शेवटी डॉक्टरांनी क्षय सांगितला. म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा, दूध-अंडी घाला, आनि पोरांना तिच्या जवळ जाऊ देऊ नका.

पोरांना मामाकडं धाडायचं ठरलं, तर लीलानं जेवणच सोडलं. म्हणाली, "वन्सं, पोरं डोळ्यांम्होरं नसली तर कुठली हवा मला मानवणार हाय?" तिचं बी खरंच होतं की. मग बाळासोनं कळंब्याच्या तळ्याकाठी एका ओळखीच्या मळ्यात जागा मागून घेतली. दिवाळी झाली होती, पाऊस गेला होता. तंबू टाकून सगळ्यांनीच तिथं ऱ्हायचं ठरलं.

तंबू बघायला आम्ही ख्वाजाभाईकडं गेलतो. संस्थानात शिकारीला जाणाऱ्यांचे तंबू शिवायचा तो. आता लग्नाला आनि जोतिबाच्या यात्रंला भाड्यानं द्यायचा. बाळासोनं एक दांडगा तंबू पसंत केला, मधी पडदा लावू म्हणाला. ख्वाजाभाईनं इचारलं, "ऱ्हाणार कोण कोण?" बाळासोनं खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता हा हाकलतोय आम्हाला. पर तो उठला आनि कोपऱ्यातनं दोन बारक्या राहुट्या वढून आणल्या.

"पडद्यानं खोकला अडत न्हाई, बाळासो. येगळ्या घ्या. आनि दोऱ्यांना चिंध्या बांधा, न्हाईतर पोरं पळताना अडकून तोंडावर पडत्यात."

लीला बाहेर गाडीतच बसली होती. माणसं बिचकत्यात म्हणून खाली उतरली न्हवती. तिथनंच वरडली, "दारं समोरासमोर करा म्हणावं! पोरं दिसाय पायजेत मला दिवसभर." तिनं दुसरं कायबी मागितलं न्हाई.

तशाच राहुट्या ठोकल्या. एकीत ती एकटी, दुसरीत पोरं आनि मी. बाळासो सायकलवरनं नाक्यावर जायचा आनि संध्याकाळी यायचा. मधी वीस-एक पावलांचं अंगण होतं. पोरांना अडवायचं कसं? कुंपण घातलं तर ती आईकडं बघून गळा काढणार. मग मीच शक्कल काढली. रोज सकाळी अंगण सारवायचं आनि मधोमध रांगोळीची लांबच लांब रेघ वढायची. रांगोळी तुडवायची न्हाई, हे आमच्या पोरांना चालाय लागल्यापासनं ठावं. वच्छी रेघंशी येऊन बसायची आनि तिथनं आईला पाढे म्हणून दाखवायची. दत्तू उगंच नाचून दाखवायचा. लीला हसायची, खोकायची, पुन्यांदा हसायची. अंगावर जरा तेज बी आलं होतं. मला वाटलं, जिंकली बया!

पर बारक्याला कुठली आलीया रांगोळी?

एकदा मी हिरीवर पाण्याला गेलते. वच्छीची किंकाळी ऐकून घागर टाकून धावत आले. बघतेय तर बारकं रेघ पुसून पार पलीकडं! गुडघं पांढरंफेक, तोंडभर हसत आईकडं निघालेलं. लीला मागं सरत सरत राहुटीच्या कनातीला टेकली होती, पदर तोंडावर दाबलेला. आनि ते मांडीवर चढाय लागलं तसं तिनं त्याला पायानं लोटलं. बारकं उताणं पडलं. मी उचलून आणलं, तर दिवसभर हुंदकं देत होतं.

त्यानंतर मी त्याच्या कमरंला लुगड्याचा पट्टा बांधून आंब्याला अडकवून बघितलं. आई दिसली की पट्टा ताणून ताणून रडायचं, कंबर लाल व्हायची. लीला ते बघत बसायची. मग एका संध्याकाळी ती बाळासोला म्हणाली, "माझी राहुटी फिरवा. दार तळ्याकडं करा."

"का गं?"

"पोरांचा कालवा सोसत न्हाई मला. तळं बघत निवांत पडते."

बाळासोचं टाळकंच फिरलं. "अगं, तू आई हायस का कोण? पोरांसाठनं एवढा घाट घातला आनि आता पाठ फिरवतीस?" त्यानं रागारागानं मेखा उपटल्या आनि दार तळ्याकडं केलं. वच्छी रुसली. दोन-चार दिसांत बारकं रडायचं थांबलं आनि माझ्या मागं-मागं फिराय लागलं. मळ्यातल्या बाया म्हणायच्या, कसलं बाई हिचं काळीज! बाळासो भाकरी दारात ठेवून मुकाट्यानं परत यायचा. त्यो राग त्यानं शेवटपर्यंत सोडला न्हाई.

माघात लीला गेली. पोरांना रेघंच्या अलीकडनंच हात जोडाय लावले.

ख्वाजाभाईनं निरोप धाडला होता, ती राहुटी परत आणू नका, जाळून टाका, दुसऱ्याच्या लेकराला नको. बाळासो उतरवायला गेला. मी बाहेर दोऱ्या सोडत होते. आतला खांब सोडला का बघावं म्हणून डोकावले.

मागच्या कनातीला, पोरांच्या राहुटीच्या बाजूला, तीन भोकं होती. एक उभ्या माणसाच्या डोळ्याला येईल एवढं वर. दुसरं बसल्या माणसाच्या उंचीला. आनि तिसरं पार खाली, हातरुणाच्या उशाशी. कापड उसवू नये म्हणून तिन्हीच्या काठानं दोरा घातलेला, बंडीला काजं करावीत तसा. खालच्याचे टाके मात्र वाकडेतिकडे होते.

बाळासो तिच्या जागंवर आडवा झाला आनि त्या खालच्या भोकाला डोळा लावला. पलीकडं वच्छी बारक्याला भरवत होती, त्यांचा आवाज येत होता.

"आक्का," तो म्हणाला, "सगळं दिसतंय की गं हितनं."