वाओसाला दिसलेला हार

आमच्या बेटावर आपियाच्या इस्पितळात वाओसा गर्भारशींची सोनोग्राफी करते आणि मी तिच्या दाराशी बसून नावं पुकारते. तिच्याइतकी बडबडी बाई मी पाहिली नाही. बाळाच्या हृदयापाशी तीन रक्तवाहिन्या रांगेत दिसल्या, की म्हणणार, "बघ, तिघी बहिणी चर्चला निघाल्या!" घाबरून आलेल्या बायका हसत घरी जातात. माझा फार जीव आहे तिच्यावर, पण तिच्या जिभेला हाड नाही.

त्या दिवशी सातव्या महिन्यातली लुपे आली, सोबत सासू आकेनेसे. वाओसानं यंत्र तिच्या पोटावर पुन्हा पुन्हा फिरवलं.

"हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीला एकाऐवजी दोन कमानी आहेत," ती शेवटी म्हणाली. "श्वासनळीभोवती हारच पडलाय जणू. बाळंतपण ऑकलंडला व्हायला हवं. ऑपरेशन तिथेच होतं."

हार! आमच्याकडे गर्भारशीनं गळ्यात हार घालायचा नसतो, बाळाच्या मानेला वेढा बसतो म्हणतात. सासू उसळलीच.

"मागच्या महिन्यात लग्नात हार घालून मिरवलीस ना? भोग आता! ऑकलंडबिकलंड काही नको. गावच्या वैदूबाईकडून पोट चोळून घेऊ, सुटेल वेढा."

लुपे भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

"अहो मावशी, या नळ्या दुसऱ्या महिन्यातच घडतात," वाओसा म्हणाली. "लग्नाचा काय संबंध?"

आकेनेसेनं बोटांवर महिने मोजले आणि ती मटकन खाली बसली. "तिच्या वाढदिवसाला मीच घातला होता गं हार. दिवस गेलेत हे मला कुठे ठाऊक होतं!"

वाओसा तिच्याशेजारी फरशीवरच बसली. "मी चारही गरोदरपणांत हार घालून इथे कामाला आले. चौघंही घर डोक्यावर घेतात. हारानं काही होत नाही, मावशी. दोष तुमचा नाही, हिचाही नाही. आणि हे चोळून सुटायचं नाही."

"मग हार कशाला म्हणालीस, मेले?"

"चुकले."

ऑकलंडला निघालेल्या दोघींना निरोप द्यायला विमानतळावर सगळं गाव हार घेऊन आलं होतं. आकेनेसेच्या गळ्यात ढीग झाला, पण लुपेच्या जवळ जायला कुणी धजेना. कुजबुज मात्र चालू होती. आकेनेसेनं ती ऐकली. तिनं स्वतःच्या गळ्यातला सगळ्यात मोठा हार काढला आणि सगळ्यांच्या देखत सुनेच्या गळ्यात घातला.

"चल पोरी," ती म्हणाली, "विमान थांबायचं नाही आपल्यासाठी."