दादाचे कान

गेल्या पंधरा वर्षांत नंदुरबार, शहादा, तळोदा भागातल्या एखाद्या लग्नात तुम्ही नाचला असाल, तर बहुतेक माझ्या दादाच्या बोटांवर नाचला आहात. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल. गाणाऱ्याचं नाव बँडगाडीवर मोठ्या अक्षरात असतं, फोटोसकट. कीबोर्डवाल्याचं नसतं.

आमचे वडील बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, वरातीपुढे पायी चालत. दादा सातवीतून शाळा सोडून बँजोवर बसला आणि बँजो मागे पडला तेव्हा कीबोर्डवर गेला. त्यानं काय वाजवलं नाही ते विचारा. एकादशीला भजन, उरुसात कव्वाली, नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या नवरात्रात गरबा, नवापूरकडे नाताळात चर्चची गाणी, अक्कलकुव्याच्या वर डोंगरात होळीच्या दिवसांत आदिवासींची रोडाली नाचगाणी. नोटेशन त्याला वाचता येत नाही. एकदा ऐकलं की बोटांत उतरलं. मी लहानपणी विचारायची, हा राग कोणता, तर म्हणायचा, "नाव तू शिक, मी वाजाडस."

मी शिकले. बीएस्सी, फिजिक्स. आमच्या घरातली पहिली पदवी. ती दादाच्या वाजवण्यावर झाली हे मी कधी लपवलं नाही, आणि पदवीही लपवत नाही. आज मी एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. ध्वनीचा प्रयोग मांडताना मला नेहमी वाटायचं, दादा जे नुसत्या अंदाजानं करतो त्याचं शास्त्र माझ्याकडे आहे.

दादाच्या बँडचा गायक आता प्रसिद्ध आहे. त्याची अहिराणी गाणी खेड्याखेड्यात मोबाईलवर वाजतात, सुरतेला, मुंबईला त्याचे कार्यक्रम होतात. पूर्वी तो भजनात गळा ताणताणून गायचा आणि शेवटच्या अभंगापर्यंत त्याचा आवाज बसायचा. एकदा दादानं पेटीवर त्याच्याकडून दोन-चार ओळी म्हणवून घेतल्या आणि सांगितलं, "तुन्हा गळा काळी चारना शे. तठेच ऱ्हाय." काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तिला सा मानून गायचं. तो तिथेच राहिला आणि मोठा झाला. हे तो स्वतः सांगतो. दादाला मास्तर म्हणतो. मास्तर नसले तर गाडीवर चढत नाही.

त्यालाही कारण होतं. गायक गाण्याची पहिली ओळ वाद्यांशिवाय टाकतो. गळा थकला असला की पट्टी थोडी खाली येते, तो ते सांगत बसत नाही, त्या गोंगाटात सांगून कळणारही नाही. ती ओळ संपायच्या आत कीबोर्डवाल्यानं पट्टी ओळखायची, बटण दाबून अख्ख्या कीबोर्डचा सूर तिथे सरकवायचा आणि बरोबर त्या जागी आत यायचं. दादा ओळ अर्ध्यावर असतानाच तयार असायचा. आमच्याकडे चांगले कीबोर्डवाले बरेच आहेत. अशी पट्टी पकडणारा दादाच होता.

बिघडलंय हे पहिल्यांदा वहिनीच्या लक्षात आलं. जेवताना ती मला म्हणाली, "तुन्हा दादा पहिले ऐकीसन सोडी देत व्हतात, आते ऐकतसबी नही." मी हसले. दादाही हसला, पण जरा उशिरानं, माझं आणि वहिनीचं तोंड बघून. त्याच्या हसण्याचा तो उशीर माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याच्या पाठीमागे जाऊन हळूच हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. तो भाजीत भाकरी कुस्करत राहिला.

बँडगाडी ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना सांगते. कीबोर्डवाला उभा राहतो तिथे त्याच्या पाठीला स्पीकर असतात, माणसाच्या उंचीचे. लग्नसराईत रोज चार-पाच तास. नाचणारे लोक तरी पुढे सरकतात, त्याला सरकायला जागा नसते.

सुरतेच्या डॉक्टरांनी त्याला बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी काचेतून बघत होते. त्याचा अंगठा बटणावर होता आणि बराच वेळ हलत नव्हता. नंतर आलेख हातात आला. डॉक्टर समजावून सांगायला लागले, मी म्हटलं, मला वाचता येतो. उजवीकडे, उंच सुरांच्या भागात, रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. नस गेली आहे, ते म्हणाले. मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळेल, पण सूर कळायचे नाहीत. आणि गाडीवरचं काम आजपासून बंद करा.

परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत दादा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "कोनले सांगू नको."

"दादा, बंद करावं लागेल. घरी बसून शिकव लोकांना."

मी हे दोनदा म्हटलं, त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन.

"काय ऐकीसन शिकाडू?" तो म्हणाला. "हाई काम सुटनं तर मी कोन शे, बाई?"

तोच पुढे म्हणाला, "तू शिकेल शे. काहीतरी कर."

हे वाक्य त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. मी डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं, ते सोडून मी या वाक्याचं ऐकलं.

मोबाईलवर एक ॲप मिळतं. समोर सूर लावला की तो कोणता आहे ते इंग्रजी अक्षरात दाखवतं. मी कागदावर तक्ता केला, कोणत्या अक्षराला कोणती पट्टी. उजव्या हाताची बोटं म्हणजे काळ्या पट्ट्या, डाव्या हाताची म्हणजे पांढऱ्या, पाचाच्या पुढे मूठ मिटून पुन्हा उघडायची. मी बँडगाडीत दादासमोर खाली बसायचं, गायकानं ओळ सुरू केली की फोन बघायचा आणि बोटं दाखवायची. घरी वहिनीला गायला बसवून आम्ही आठ दिवस सराव केला. वहिनी म्हणाली, लग्नात मला कुणी एक ओळ म्हणू दिली नाही, आता रोज मैफल आहे. सराव एकदाही चुकला नाही. मला माझाच अभिमान वाटला.

गायकाला सांगितलं, ताईंना सुट्टी आहे, गाडीवर बसायची हौस आहे. तो म्हणाला, बसा ना, तुमचीच गाडी आहे. दोन लग्नं पार पडली. तो गाण्याआधी नुसता 'आ' लावून सूर घ्यायचा, मी चार बोटं दाखवायची, दादा आत यायचा. दुसऱ्या लग्नाहून परत येताना दादा बऱ्याच महिन्यांनी घरभर बोलत होता. वहिनीला म्हणाला, चटणीत मीठ कमी आहे. ती म्हणाली, "कान आले वाटतं."

मग श्रावणात तापीकाठच्या एका गावाची कानबाई आली. रविवारी घराघरांत कानबाई देवी नारळाच्या रूपात बसते, सोमवारी सकाळी पाटावरचा तो सजवलेला नारळ बायका डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. त्या गावचा दंडक असा की पाट एकदा डोक्यावर आला की पाण्यापर्यंत वाजणं थांबू द्यायचं नाही. एक गाणं संपलं की ढोलताशा चालूच, त्याच्यावरच पुढचं गाणं. म्हणजे गायकाला 'आ' लावायला उसंत नाही. हे मला कळायला हवं होतं. मला तर उलट मजा वाटत होती. सकाळचं ऊन होतं, गल्लीत सडा घातलेला होता, बायका फुगड्या खेळत होत्या, आणि गाडीत मी माझ्या दादाचे कान होऊन बसले होते.

पहिली दोन गाणी नेहमीची होती. तिसऱ्याला गायकानं ढोलताशावरच एकदम ओळ टाकली. मी फोन बघितला. अक्षर आलं ते काळी दोनचं. मला वाटलं, रात्रभर रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, कार्यक्रमात गाऊन याचा गळा उतरला असणार. मी दोन बोटं दाखवली. दादा क्षणभर थांबला. त्याचं बोट आधीच काळी चारवर होतं, सवयीनं. त्यानं माझ्या हाताकडे पुन्हा बघितलं, मी तीच दोन बोटं आणखी उंच धरली. त्यानं बटण दाबलं, कीबोर्ड काळी दोनला नेला आणि पूर्ण जोरात आत आला.

गायक काळी चारमध्येच गात होता. ते गाणंच पंचमापासून उचलायचं होतं, आणि काळी चारचा पंचम काळी दोनवर पडतो. पहिला सूर म्हणजे सा नव्हे, एवढं कोणत्याही भजनातल्या टाळकऱ्याला कळतं. मला स्पंदनसंख्या पाठ होत्या, हे कळत नव्हतं.

गायक एकीकडे आणि दादा भलतीकडे, असं ते चाललं. मला चूक ऐकू आली, पण ती काय आहे ते समजेना, म्हणून मी फोनकडेच बघत राहिले. फोन आता ढोलाचे सूर दाखवत होता. फुगडीतल्या बायका थांबून वर बघायला लागल्या. एक म्हातारी ओरडली, "वं माय, काय बिघडनं ह्यास्ले?" गायकानं मान वळवली. त्यानं दादाकडे बघितलं, मग माझ्या दोन बोटांकडे, मग माझ्या मांडीवरच्या फोनकडे. गाणं न थांबवता त्यानं हात लांब केला आणि मिक्सरवरचं कीबोर्डचं बटण तळापर्यंत खाली ओढलं.

आम्ही मारुतीच्या देवळापाशी होतो. दादाला ते दिसलं नाही, तो माझी बोटं बघत होता. तो वाजवत राहिला.

नदी तिथून बरीच लांब होती. चार गाणी झाली. दादा डोळे मिटून, मान डोलवत, मधल्या जागा भरत, गायकाला दाद देत वाजवत होता, आणि गाडीच्या एकाही स्पीकरमधून त्याचा सूर येत नव्हता. स्पीकरचा दणका त्याच्या पाठीत बसत होता, तेवढ्यावर तो खूश होता. प्रत्येक गाण्याला तो माझ्याकडे बघायचा. मी हात खाली घेऊ शकले असते. त्याचा खांदा हलवून सांगू शकले असते. गावभर लोक बघत होते. मी प्रत्येक गाण्याला चार बोटं दाखवली. तो मान हलवून हसायचा.

नदीवर बायका पाण्यात उतरल्या तेव्हा गायकानं मला गाडीच्या मागे बोलावलं.

"ताई, कवयपासून?"

मी सुरतेच्या तपासणीपासूनचं सगळं सांगितलं. आणि लगेच म्हटलं की आजची चूक माझी आहे. दादाचं बोट काळी चारवरच होतं, मी दोन दाखवली.

"तुम्ही दोन दाखाडात. बरं," तो म्हणाला. "पन वाजाडताना मास्तरले समजनं का?"

मी फोन बंद केला.

तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. फोटोत दिसतो त्यापेक्षा तो बराच थकलेला होता. म्हणाला, "माले मास्तरशिवाय गाता येत नही. आनि आते मास्तरसंगेबी येत नही. मी त्यास्ले सांगणार नही, ताई. मन्ही जीभ वळणार नही. तुम्हीच सांगा."

दादा गाडीतच होता. खांद्यावरच्या टॉवेलनं कीबोर्ड पुसत होता. मला बघून त्यानं विचारलं, "कसं व्हयनं? तिसरा गानाले जरा गडबड व्हयनी ना?"

मी त्याच्यासमोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "दादा, तुझा आवाज बंद होता."

त्यानं कीबोर्डवरचं व्हॉल्यूम बघितलं. ते पूर्ण वर होतं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी येड्यासारखं बोलतेय. मी मिक्सरकडे बोट केलं. त्यानं ते खाली ओढलेलं बटण बघितलं आणि त्याचा टॉवेलचा हात थांबला.

"कथाईन?"

"मारुतीच्या देवळापासून."

त्यानं बोटांवर गाणी मोजली. चौथ्या बोटाशी थांबून विचारलं, "ते शेवटलं? नदीनं गानं?"

"तेही."

पाण्यात बायका कानबाईचा जयजयकार करत होत्या. तो तिकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो चिडेल, गायकाला शिव्या देईल, निदान मला तरी बोलेल. तो डॉक्टरांना सांगावं तसं, सरळ आवाजात म्हणाला, "पन माले तर सगळं ऐकू उनं, बाई."

मग त्यानं हात लांब करून मिक्सरचं बटण स्वतः वर केलं आणि काळी चारचा सा दाबला. नदीकाठची माणसं दचकून वळली. दादा त्यांच्याकडे बघत नव्हता. पट्टीवर बोट तसंच ठेवून तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आवाज आला की नाही ते कळावं म्हणून.

मी मान हलवली. त्यानं बोट उचललं आणि कीबोर्डची वायर काढली.