पाट्यावरचं फडकं

नवा माणूस भेटला की चारूताई आधी विचारायच्या, "तुमच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात जड वस्तू कोणती?" समोरचा मिक्सर म्हणाला की हसायच्या. "म्हणजे अजून फिरस्तेच आहात!"

इथल्या डच विद्यापीठात आम्ही दोघी धान्य वाटायचे प्राचीन दगड तपासायचो. भटकणं सोडून शेतीला लागलेल्या पहिल्यावहिल्या माणसांचे. "पाटा खांद्यावर घेऊन कोण हिंडतंय? पाटा सापडला की समजायचं, माणूस इथं थांबला," हे ताईंचं पालुपद. दगडाची झीज बोटांनी वाचायला मला त्यांनीच शिकवलं. पाथरवटाच्या टाकीचे टोचे ठळक असले तर दगड नवा, मधोमध गुळगुळीत झाला असेल तर रोजच्या वापरातला. "माणूस थापा मारतो गं, दगड नाही."

स्वतः त्या अ‍ॅमस्टेलव्हीनला दहा वर्षं दोन सुटकेसवर राहिल्या. सायकलींच्या या देशात त्यांची सायकलसुद्धा भाड्याची. "आपण दोघी परत जायचं. गोदावरीकाठी उत्खनन, तिथंच प्रयोगशाळा," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की ते मला माझंच स्वप्न वाटायला लागलं. विभागाने मला कायमची जागा देऊ केली, तेव्हा सल्ला विचारायला मी त्यांच्याकडेच धावले.

"नाही म्हणून टाक. एकदा खुंटा रोवलास की संपलीस."

मी नाही म्हणून टाकलं. घर सोडायची नोटीस दिली, तिकीट काढलं.

निघायच्या आठवडाभर आधी न कळवता त्यांच्याकडे गेले. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला लसणाचा वास होता. ओट्यावर चांगला दणकट पाटा, त्यावर अर्धवट वाटलेली चटणी. मी ओट्याजवळ गेले.

"अगं, सांगणारच होते," त्या म्हणाल्या. "तू नाकारलेली जागा विभागाने मला दिली. माझं वय बघ ना. आता किती हिंडू?"

"कधी ठरलं?"

"परवाच. तोवर माझ्या मनातही नव्हतं."

मी चटणी बाजूला सारून पाट्यावर बोट फिरवलं. कडेला टाकीचे टोचे ठळक होते, मधे पार बुजून गुळगुळीत. ते परवाचं काम नव्हतं, कित्येक महिन्यांचं रोजचं वाटण होतं. मला 'नाही म्हणून टाक' सांगितलं, तेव्हा ताई थांबलेल्याच होत्या. शिकवलं त्यांनीच आणि फसवलंही त्यांनीच.

ताई माझ्या बोटाकडे बघत होत्या. मग त्यांनी पाट्यावर फडकं टाकलं.